फिनाइल अझाइडवर उजेड पडला की पुढं काय? उत्पादन ओळखायची रीत, पायरी-पायरीनं

एम.एस्सी.च्या मुलांना मी चाचणीत एक प्रश्न हमखास टाकते: फिनाइल अझाइड (बेंझिनच्या रिंगला जोडलेली तीन नायट्रोजनची साखळी) डायइथिलअमीन या द्रव अमीनमध्ये विरघळवून त्यावर यूव्ही प्रकाश सोडला, काय मिळेल? आणि हमखास तेच चित्र परत येतं. बेंझिनची रिंग, तिला लटकलेला एकटा नायट्रोजन (यालाच नायट्रीन म्हणतात), मग एक लांब बाण आणि बाणाच्या टोकाला अझोबेंझिन, म्हणजे दोन नायट्रोजननं जोडलेल्या दोन रिंगा. मी शून्य देते. मग विद्यानगरच्या टपरीवर चहा घेताना कुणीतरी गाठतंच. परवा एकानं विचारलं, "मॅडम, नायट्रोजन गेला, नायट्रीन राहिलं, दोन नायट्रीनं एकमेकांना चिकटली. चुकलं काय वो त्यात?"

घड्याळ चुकलं. दोन नायट्रीनं एकमेकांना भेटेपर्यंत त्यातलं प्रत्येक कधीच दुसरं काहीतरी होऊन बसलेलं असतं. खरं उत्तर अझेपीन, म्हणजे नायट्रोजन आत सामावलेली सात सदस्यांची रिंग. कोल्हापूरच्या तापमानाला फिनाइल नायट्रीनचं पहिलं रूप जेमतेम एक नॅनोसेकंद टिकतं. अझाइडच्या रसायनशास्त्रात "काय होऊ शकतं" ही यादी पाठ करून भागत नाही, "कोण आधी होतं" हे काढावं लागतं. ते काढायची माझी रीत खाली देतेय. कागदावर प्रश्न सोडवणाऱ्यालाही ती चालेल आणि दिवा लावून प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यालाही. अझाइड बनवायची कृती मात्र इथं देणार नाही. ती मार्गदर्शकासमोर, फ्युमहूडमध्ये शिकायची गोष्ट आहे.

पायरी १: बाटली उघडण्याआधी कार्बन मोजा

अझाइडचा रेणू कागदावर काढला की पहिल्यांदा त्यातले कार्बन आणि ऑक्सिजन मोजायचे, त्यांची बेरीज नायट्रोजनच्या संख्येनं भागायची. उत्तर ३ किंवा जास्त आलं तर पदार्थ बऱ्यापैकी सांभाळता येतो. १ ते ३ च्या मध्ये आलं तर थोडाच बनवायचा, थंड, अंधारात आणि विरळ द्रावणात ठेवायचा. १ च्या खाली गेलं तर त्या वाटेला जायचंच नाही.

फिनाइल अझाइडमध्ये कार्बन ६, नायट्रोजन ३. उत्तर २. म्हणजे आपला रोजचा, पाठ्यपुस्तकातला, बाळबोध वाटणारा पदार्थसुद्धा "सांभाळून" गटातला आहे. पेटर ग्रीस यांनी १८६४ मध्ये तो पहिल्यांदा बनवला, तेव्हापासून त्याचा स्वभाव बदललेला नाही. तापवला तर स्फोट होऊ शकतो. कोरडा करून ऊर्ध्वपातन करायचा मोह कुणाला झाला तर त्याचा हात धरा.

काही नियम मी फळ्यावर कायमचे लिहून ठेवलेत. सोडियम अझाइडला स्टीलचा चमचा लावायचा नाही, प्लास्टिकचा घ्यायचा. डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म अझाइड आयनाच्या जवळपास आणायचे नाहीत, त्यातून डायअझिडोमिथेनसारखी भयंकर स्फोटक पोरं जन्माला येतात. आम्ल आणि अझाइड आयन एकत्र आले की हायड्रॅझोइक आम्ल, ते विषारीही आणि स्फोटकही. आणि बेसिनमध्ये ओतायचं नाही, कारण तांब्याच्या किंवा शिशाच्या पायपात धातूचे अझाइड साठतात आणि एखाद्या दिवशी प्लंबरच्या पान्याखाली बोलतात. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काही रिएजंटच्या बाटल्यांवर "सोडियम अझाइड ०.१ टक्का" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते याच नात्यातलं. तिथं तो जंतू वाढू नयेत म्हणून घातलेला असतो.

पायरी २: दिवा कुठला आणि काच कुठली

फिनाइल अझाइड २५० नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषतं, २८५ च्या आसपास त्याला एक मंद खांदा आहे आणि त्याचं शेपूट ३०० च्या पुढं जातं. कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा २५४ देतो, पण त्याला क्वार्ट्झचं भांडं लागतं. साध्या बोरोसिलिकेट काचेतून २८० च्या खालचं जवळजवळ काही येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही अडचण वाटते, पण मला ती सोय वाटते. मध्यम दाबाचा दिवा बोरोसिलिकेटच्या बाहीतून वापरला की छोट्या तरंगलांबीचा मारा गाळला जातो, अमीनसारखा द्रावक स्वतः प्रकाश खात बसत नाही आणि उत्पादनाची नासाडीही थोडी कमी होते.

नासाडी हा शब्द अनुभवातून आलाय. शिकत असताना मी एकदा दिवा रात्रभर चालू ठेवून घरी गेले. अझाइड पूर्ण संपावं एवढीच इच्छा. सकाळी भांड्यात कडक काढ्यासारखं तपकिरी द्रावण आणि दिव्याच्या बाहीवर चिवट डांबराचा थर. आत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट साधी आहे: तयार झालेलं अझेपीनसुद्धा ३०० च्या आसपास प्रकाश शोषतं आणि पुढं बदलतं. शिवाय बाहीवर थर बसला की प्रकाश आत जाणंच थांबतं. म्हणून अर्ध्यावर थांबायचं. उरलेलं अझाइड वेगळं काढता येतं, डांबरातून काही काढता येत नाही.

आणखी एक, आपल्याकडचा त्रास. वीज गेली की मध्यम दाबाचा दिवा विझतो आणि वीज आल्याबरोबर पेटत नाही. आतला पारा थंड होऊन दाब उतरेपर्यंत वाट बघावी लागते. वहीत "तीन तास प्रकाश" लिहिताना ती मधली मिनिटं वजा करा. नाहीतर पुढच्या बॅचला तुमचे आकडे जुळत नाहीत आणि दोष बिचाऱ्या अझाइडला लागतो.

द्रावण विरळ हवं. २०० मिलिलिटरमध्ये १ मिलिमोल, म्हणजे ११९ मिलिग्रॅम, एवढं पुरतं. आधी आर्गॉनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलायचा (का ते पुढं येईल), थंड पाणी फिरतं ठेवायचं, कारण डायइथिलअमीन ५५ अंशांनाच उकळतं आणि झटकन पेटतं. आणि भांडं बंद करायचं नाही. नायट्रोजन बाहेर पडणार आहे, त्याला वाट हवी. डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा, भांड्याभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल.

पायरी ३: बुडबुडे मोजा, पण कोल्हापुरात मोजा

प्रत्येक अझाइड रेणूमागं एक नायट्रोजन रेणू सुटतो, त्यामुळं गॅस मोजला की किती काम झालं ते कळतं. आर्गॉन बंद करून निघणारा गॅस आधी सौम्य आम्लातून न्यायचा, नाहीतर अमीनची वाफही मोजली जाईल, आणि मग उलट्या ब्युरेटमध्ये गोळा करायचा.

इथं मुलं २२.४ लिटर हा आकडा लावतात. तो शून्य अंशाचा आणि समुद्रकाठचा. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथं हवेचा दाब एका वातावरणाच्या साधारण ०.९४ पट भरतो. २५ अंशाला एक मिलिमोल कोरडा गॅस इथं २६ मिलिलिटर होतो. २२.४ धरून चाललात तर पूर्ण झालेली अभिक्रिया ११६ टक्के भरते. एका वहीत मी खरोखरच असा आकडा बघितलाय, आणि त्याखाली "उत्तम उतारा" असा शेराही होता. शिवाय पाण्यावर गोळा केलेल्या गॅसमध्ये पाण्याची वाफ असते, तिचा दाब वजा करायचा तो वेगळाच.

गॅस मोजायची सोय नसेल तर आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) घ्या. अझाइडची पट्टी २१०० च्या जरा वर, इतर काही नसलेल्या मोकळ्या मैदानात उभी असते. ती अर्धी झाली की दिवा बंद.

पायरी ४: नायट्रीनची दोन रूपं डोळ्यासमोर आणा

आता खरा विषय. नायट्रोजन रेणू निघून गेल्यावर रिंगवर जो नायट्रोजन उरतो त्याच्या बाहेरच्या कक्षेत सहाच इलेक्ट्रॉन. दोन रिंगशी जोडलेल्या बंधात, दोन निवांत जोडीनं. उरले दोन, आणि त्यांच्यासाठी दोन पी-कक्षक रिकामे. एक रिंगच्या पातळीत आडवा, दुसरा रिंगला काटकोनात उभा. काटकोनातला कक्षक रिंगच्या पाय-इलेक्ट्रॉनांशी मिळतो.

दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असले तर ट्रिपलेट. हीच फिनाइल नायट्रीनची सगळ्यात खालची, स्थिर अवस्था. १९६२ मध्ये स्मोलिन्स्की, वॉसरमन आणि येगर यांनी गोठवलेल्या नमुन्यात ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन टिपणारी पद्धत) वापरून ती पकडली. स्पिन विरुद्ध असले तर सिंगलेट, आणि उजेडात अझाइड फुटतं तेव्हा आधी हेच जन्माला येतं.

मुलांचा गोंधळ इथं सुरू होतो, कारण त्यांनी कार्बीन (नायट्रीनचाच भाऊ, पण नायट्रोजनच्या जागी कार्बन) आधी शिकलेलं असतं. सिंगलेट फिनाइल कार्बीनमध्ये दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षकात बसतात, दुसरा रिकामा राहतो, त्यामुळं ते कुणाच्याही बंधात घुसतं. सिंगलेट फिनाइल नायट्रीन तसं नाही. तिथं एक इलेक्ट्रॉन आडव्या कक्षकात नायट्रोजनवरच राहतो आणि दुसरा रिंगमध्ये पसरतो, ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा (बरोबर समोरच्या) कार्बनवर जाऊन बसतो. एकाच घरात राहून दोघांनी चुली वेगळ्या मांडाव्यात तसं. दोघं लांब राहिल्यामुळं त्यांची आपसातली ढकलाढकल कमी होते आणि सिंगलेट स्वस्त पडतं. साध्या नायट्रीनमध्ये, जिथं नायट्रोजनला फक्त एक हायड्रोजन आहे, सिंगलेट आणि ट्रिपलेटमधलं अंतर ३६ किलोकॅलरी प्रति मोल आहे. फिनाइल नायट्रीनमध्ये ते १८ वर येतं. बरोबर निम्मं.

परिणाम असा की नायट्रोजनवरचा आडवा इलेक्ट्रॉन आणि ऑर्थो कार्बनवरचा इलेक्ट्रॉन शेजारीशेजारी येतात. बाहेर जाऊन कुणाला धरण्यापेक्षा शेजाऱ्याचा हात धरणं सोपं. नायट्रोजन ऑर्थो कार्बनला जोडला की तीन सदस्यांची छोटी रिंग मोठ्या रिंगवर चढते. हे बेंझअझिरीन. ती ताणलेली असते, लगेच उघडते आणि नायट्रोजन सकट सात सदस्यांची रिंग तयार होते: चक्रीय केटेनिमीन. १९७८ मध्ये चॅपमन आणि लरू यांनी गोठवलेल्या आर्गॉनमध्ये ते पकडलं. आयआरमध्ये १८९५ च्या आसपास पट्टी, जी ना अझाइडची ना नायट्रीनची. त्याआधी वर्षानुवर्षं लोक बेंझअझिरीनलाच अमीन चिकटतं असं लिहीत होते.

पायरी ५: शर्यतीचा हिशेब स्वतः करा

ही पायरी मी कुणाला गाळू देत नाही. कॅल्क्युलेटर घ्या.

सिंगलेट नायट्रीनसमोर दोन वाटा आहेत. एक, रिंग मोठी होणं. दुसरी, स्पिन उलटून ट्रिपलेट होणं. दुसऱ्या वाटेचा वेग तापमानावर फारसा अवलंबून नाही: सेकंदाला सुमारे ३२ लाख. पहिल्या वाटेत ५.६ किलोकॅलरीचा उंबरठा (सक्रियण ऊर्जा) आहे आणि आऱ्हेनियसच्या समीकरणातला आधीचा गुणक साधारण १० चा १३.१ वा घात. १९९७ मध्ये अमेरिकेत प्लाट्झ यांच्या गटानं आणि स्वित्झर्लंडमध्ये विर्झ यांच्या गटानं लेसरच्या झटक्यानं सिंगलेट नायट्रीन प्रत्यक्ष बघितलं, ३५० नॅनोमीटरला, आणि हे आकडे हाती आले.

२५ अंशाला, म्हणजे २९८ केल्विनला: ५.६ भागिले ०.००१९८७ गुणिले २९८, उत्तर ९.४६. e चा तेवढा ऋण घात काढून त्यानं गुणक गुणला की सेकंदाला साधारण १०० कोटी. एकीकडं १०० कोटी, दुसरीकडं ३२ लाख. हजारात तीन सिंगलेट ट्रिपलेटकडं जातील, बाकी ९९७ ची रिंग मोठी होईल. अझोबेंझिन ट्रिपलेटच्या वाटेवर आहे. आता सांगा, चाचणीतलं ते चित्र किती टक्के बरोबर?

आता तापमान उतरवा. द्रव नायट्रोजनचं ७७ केल्विन घाला. भागाकार ३६.६ येतो आणि रिंग मोठी व्हायचा वेग सेकंदाला ०.००१६ वर येतो. म्हणजे एकदा घडायला दहा मिनिटं. ट्रिपलेटचा वेग अजूनही ३२ लाखच. म्हणून थंडीत सगळं ट्रिपलेट. स्मोलिन्स्कींना ते ईपीआरमध्ये दिसलं याचं कारण हेच, आणि बाहेरच्या तापमानात वर्षानुवर्षं न दिसण्याचंही कारण हेच.

दोन्ही वेग समान कुठं होतात? समीकरण उलटं फिरवा, १८५ केल्विनच्या जवळ येतं, उणे ८८ सेल्सियस. कोरड्या बर्फाच्या १९५ केल्विनला रिंग मोठी व्हायचा वेग ६७ लाखांच्या आसपास, म्हणजे दोनास एक. एकाच बाटलीतला तोच पदार्थ, भांड्याखाली बर्फ कुठला ठेवला त्यावर उत्पादन बदलतं.

हा हिशेब पहिल्यांदा स्वतः केल्यावर तोच टपरीवरचा पोरगा वही घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर थंडी-उन्हाळ्यावर हाय की सगळं." आहेच की.

पायरी ६: ऑर्थो आणि पॅरा जागी कोण बसलंय ते बघा

वरचा हिशेब साध्या फिनाइलचा. रिंगवर पाहुणे आले की आकडे हलतात, आणि परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

दोन्ही ऑर्थो जागी फ्लोरिन असेल तर नायट्रोजनला वळून बसायला जागा मिळत नाही, उंबरठा वाढतो. पेंटाफ्लोरोफिनाइल नायट्रीनमध्ये तो ८.८ पर्यंत जातो. बाकी सगळं तसंच धरलं तर ३.२ किलोकॅलरीचा फरक म्हणजे २५ अंशाला दोनशे पटींहून जास्त मंदपणा. एवढ्या वेळात सिंगलेट नायट्रीन शेजारच्या रेणूच्या बंधात घुसू शकतं. १९६९ मध्ये फ्लीट, पोर्टर आणि नोल्स यांनी अझाइडनं प्रथिनांना प्रकाशात कायमची खूण करायची पद्धत आणली, तिच्यात पुढं फ्लोरिनवाले अझाइड पसंत पडले ते यामुळंच. ते वापरणाऱ्या जीवरसायनवाल्यांना एक सूचना: डायथायोथ्रिटॉलसारखा थायॉल बफरमध्ये असेल तर अझाइड अंधारातच खलास होतं. दिवा लावायच्या आधीच.

पॅरा जागी डायमिथिलअमिनो गट असेल तर उलटं. स्पिन उलटण्याचा वेग हजारो पटींनी वाढतो, ट्रिपलेट रिंग मोठी होण्याच्या आधी पोचतं. इथं अझो संयुग लिहा, मी मार्क देईन.

ऑर्थो जागी दुसरी बेंझिन रिंग असेल तर नायट्रोजन तिच्यावर जाऊन बसतो आणि कार्बाझोल होतं. स्मिथ आणि ब्राउन यांनी १९५१ मध्ये हे दाखवलं. ऑर्थोला व्हिनाइल असेल तर इंडोल. ऑर्थोला नायट्रो असेल तर तापवताना नायट्रोजन निघत असतानाच नायट्रोचा ऑक्सिजन हात पुढं करतो आणि बेंझोफ्युरोक्सॅन मिळतं. तिथं मोकळं नायट्रीन जन्मतच नाही, म्हणून ते साध्या फिनाइल अझाइडपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला फुटतं. अझाइड आणि रिंगच्या मध्ये कार्बोनिल असेल, म्हणजे बेंझॉइल अझाइड, तर ही सगळी कथाच सोडा. तापवल्यावर कर्टियस पुनर्रचना, आयसोसायनेट.

पायरी ७: भांड्यात आणखी कोण आहे

केटेनिमीन तयार झालं, आता ते कुणाच्या हाती लागतं? डायइथिलअमीन असेल तर २-डायइथिलअमिनो-३एच-अझेपीन. डोअरिंग आणि ओडम यांनी १९६६ मध्ये हे नीट सिद्ध केलं. याची सुरुवात मात्र फार जुनी आहे. १९१२ मध्ये वुल्फ यांनी फिनाइल अझाइड अ‍ॅनिलिनमध्ये तापवलं, एक पदार्थ मिळाला, त्याला डायबेंझामिल असं नाव दिलं आणि रचना कोड्यात राहिली. तो सात सदस्यांच्या रिंगचा आहे हे ह्यूसगेन आणि सहकाऱ्यांनी ओळखलं तेव्हा १९५८ साल उजाडलं होतं. सेहेचाळीस वर्षं बाटलीवर चिठ्ठी होती, आत काय आहे ते माहीत नव्हतं.

पाणी असेल तर अझेपिनोन. हे लक्षात ठेवायचं जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्याकडच्या पावसात उघडी ठेवलेली अमीनची बाटली ओल धरते आणि पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत एक अनोळखी ठिपका उगवू शकतो. अमीन पोटॅशियम हायड्रॉक्साइडवरून ताजं उकळून घ्या, मग प्रश्न राहत नाही.

ऑक्सिजन असेल तर तो ट्रिपलेटला पकडतो, नायट्रोसो आणि नायट्रो संयुगं निघतात. म्हणून तो आर्गॉन. आम्ल असेल आणि रिंगवर इलेक्ट्रॉन देणारा गट असेल तर सिंगलेट नायट्रीन प्रोटॉन उचलून नायट्रेनियम आयन होऊ शकतं. हा आयन तुम्हाला दुसऱ्या वाटेनं आधीच भेटलाय: बामबर्गर पुनर्रचना, फिनाइलहायड्रॉक्सिलअमीनपासून पॅरा-अमिनोफेनॉल, आणि तिथून पॅरासिटामॉल. डोकं दुखल्यावर घेतो ती गोळी या घराण्याची दूरची नातलग आहे.

पकडायला कुणीच नसेल तर केटेनिमीन आपसात जुळत जातं आणि डांबर. ते मी वर सांगितलंच.

एक जवळचं उदाहरण, नुसतं नातं समजावं म्हणून. कोल्हापूर-इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं गेलात तर तो पिवळ्या दिव्याखाली जाळीच्या फ्रेमला पिवळसर इमल्शन चोपडताना दिसेल. वर डिझाइनची फिल्म ठेवून तो फ्रेम उजेडात धरतो. उजेड लागलेला भाग फिका पडतो आणि घट्ट होतो, झाकलेला भाग पाण्यानं धुऊन जातो. डायझो इमल्शनमध्ये तिथंही नायट्रोजनच सुटतो. फरक एवढाच की डायझोनियममधून तो गेला की रिंगवर काही उरत नाही, अझाइडमधून गेला की एक नायट्रोजन मागं राहतो. खरं अझाइडही या धंद्यात होतं: कोडॅकच्या जुन्या केटीएफआर फोटोरेझिस्टमध्ये रबरासारख्या पॉलिमरमध्ये दोन टोकांचं अझाइड मिसळलेलं असे आणि सुरुवातीच्या काळातल्या सेमीकंडक्टर चकत्यांवर त्यानंच नक्षी उमटे.

पायरी ८: १६४ वर विसंबू नका

प्रयोग झाला, द्रावक काढला, मास स्पेक्ट्रम आला, १६४. मुलं उड्या मारतात. फिनाइल अझाइड ११९, त्यातून नायट्रोजन २८ गेला, ९१ राहिले, डायइथिलअमीन ७३ आलं, १६४. अझेपीन मिळालं!

थांबा. नायट्रीन सरळ अमीनच्या नायट्रोजन-हायड्रोजन बंधात घुसलं असतं तर जे हायड्रॅझीन मिळालं असतं त्याचंही वस्तुमान १६४. बेंझअझिरीनलाच अमीन चिकटून ऑर्थो-फिनिलीनडायअमीन झालं असतं तर त्याचंही १६४. तीन वेगळ्या यंत्रणा, तीन वेगळे सांगाडे, आकडा एकच. मासला त्यातला फरक कळत नाही.

एनएमआर (प्रत्येक प्रोटॉन कुठल्या शेजारात आहे ते पीपीएममध्ये दाखवणारा स्पेक्ट्रम) बोलतो. हायड्रॅझीन आणि डायअमीन या दोन पर्यायी पदार्थांत बेंझिनची रिंग शाबूत आहे, म्हणजे सातच्या आसपास अ‍ॅरोमॅटिक प्रोटॉनांचा गठ्ठा दिसणारच. अझेपीनमध्ये तो गठ्ठा नसतो. त्याऐवजी ५ ते ७ च्या दरम्यान चार ऑलिफिन प्रोटॉन सुटे सुटे पसरलेले, आणि अडीचच्या जवळपास दोन प्रोटॉनांचा सिग्नल, जो रिंगमधल्या संपृक्त कार्बनचा. बेंझिनची सुगंधी रिंग मोडली याचा तो पुरावा आहे. प्रयोगवहीत मी आधी तोच सिग्नल शोधते, बाकी नंतर बघते.

इतर आकडे पाठ ठेवा: अझोबेंझिन १८२, अ‍ॅनिलिन ९३ (ट्रिपलेटनं द्रावकातून दोन हायड्रोजन ओढले), अझेपिनोन १०९. १८२ मोठा दिसला तर द्रावण घट्ट होतं का ते तपासा. ९३ दिसला तर भांड्यात ट्रिपलेट कुठून आलं ते विचारा. एखादं कीटोन राहून गेलं असेल तर तेच सेन्सिटायझर (स्वतः प्रकाश शोषून ती ऊर्जा अझाइडला देणारं) म्हणून काम करतं. भांडं अ‍ॅसिटोननं धुऊन वाळवलं नसेल तर चौकशी तिथूनच सुरू करा.

पायरी ९: उरलेल्या अझाइडचं काय

अर्ध्यावर थांबलात म्हणजे अर्धं अझाइड शिल्लक. ते बाटलीत भरून कपाटाच्या मागं ढकलायचं नाही. विरळ द्रावणातच थंडपणे, थोडं थोडं ट्रायफिनाइलफॉस्फीन घालायचं. स्टॉडिंगर आणि मायर यांनी १९१९ मध्ये दिलेली ही अभिक्रिया आहे, नायट्रोजनचे बुडबुडे येतात आणि इमिनोफॉस्फोरेन उरतं. दिवा लागत नाही, उष्णता निघते, म्हणून घाई करायची नाही. बुडबुडे थांबले की आयआर घ्या. २१०० ची पट्टी पूर्ण गेली असेल तरच कचऱ्याच्या बाटलीत.

पाण्यातल्या उरलेल्या सोडियम अझाइडसाठी सोडियम नायट्राइट आणि आम्ल. क्रम पाठ करा: आधी नायट्राइट, मग आम्ल, तेही थेंब थेंब, फ्युमहूडमध्ये, शिक्षक समोर असताना. क्रम उलटला तर हायड्रॅझोइक आम्ल निघतं. संपलं की पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर थेंब टाका. निळा पडला तर नायट्राइट जास्त आहे, म्हणजे अझाइड शिल्लक नाही. कागद पांढराच राहिला तर काम अजून बाकी आहे.